इम्युलेटर अडखळतोय? दोष हार्ड डिस्कचा आहे का, ते आधी ओळखा

इम्युलेटरवर, म्हणजे जुन्या कन्सोलचे गेम संगणकावर चालवणाऱ्या प्रोग्रामवर, गेम व्यवस्थित सेकंदाला साठ फ्रेम्सनी चालू असतो. तुम्ही एक दार उघडता आणि चित्र जागच्या जागी थिजतं, आवाज तुटतो. दोन-चार सेकंदांनी काही झालंच नाही अशा थाटात गेम पुढे सुरू. यावर बहुतेक नवखे लोक रिझोल्यूशन उतरवतात, ग्राफिक्सचे पर्याय एकेक बंद करतात, ड्रायव्हर बदलतात. दुखणं म्हशीला आणि औषध पखालीला! गेमची फाइल जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर असेल, तर अशा झटक्यांचं मूळ पुष्कळदा तिथेच असतं आणि ते काढायला पैसेही लागत नाहीत. पण त्याआधी झटका डिस्कचाच आहे याची खात्री करून घ्यायला हवी.

डिस्क नेमकी कुठे अडवते

साठ फ्रेम्सच्या गेमला एक फ्रेम तयार करायला 16.67 मिलिसेकंद मिळतात, तीस फ्रेम्सच्या गेमला 33.3. आता हार्ड डिस्कचा हिशोब पाहा. मिनिटाला 7200 फेरे घेणाऱ्या डिस्कचा एक फेरा 8.33 मिलिसेकंदांचा. हवा तो भाग हेडखाली, म्हणजे वाचणाऱ्या टोकाखाली, यायला सरासरी अर्धा फेरा, म्हणजे 4.17 मिलिसेकंद लागतात. त्याआधी हेड योग्य ट्रॅकवर न्यायला साधारण 8 ते 10 मिलिसेकंद जातात. एकूण 12 ते 14. लॅपटॉपमधल्या किंवा बाहेरून जोडायच्या 5400 फेऱ्यांच्या डिस्कमध्ये नुसता अर्धा फेराच 5.56 मिलिसेकंदांचा असतो आणि हेडही जरा मंद असतं, म्हणजे एका वाचनात जवळजवळ अख्ख्या फ्रेमचा वेळ गेला. साध्या साटा एसएसडीला, म्हणजे फिरणारे भाग नसलेल्या डिस्कला, हेच काम 0.1 मिलिसेकंदाच्या आसपास जमतं.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. डिस्कचा वेग कमी पडतो असं सरसकट म्हटलं जातं, ते खरं नाही. प्लेस्टेशन 1 चा ड्राइव्ह सेकंदाला 300 केबी वाचायचा. प्लेस्टेशन 2 चा डीव्हीडी ड्राइव्ह 4 एक्सचा, म्हणजे सेकंदाला साधारण 5.3 एमबी. सलग वाचायचं असेल तर बऱ्यापैकी जुनी हार्ड डिस्कसुद्धा सेकंदाला 100 एमबी सहज देते. वेग मुबलक आहे, खर्च होतो तो वाट पाहण्यात.

शिवाय मूळ कन्सोलचा ड्राइव्ह तर याहून कितीतरी मंद होता. लेन्स डिस्कच्या दुसऱ्या टोकाला न्यायला त्याला शंभर-दीडशे मिलिसेकंद लागायचे, आणि गेम बनवणाऱ्यांनी ते गृहीत धरूनच गेम लिहिले. चांगला इम्युलेटर हा मूळ उशीर जसाच्या तसा पाळतो. गेमने डेटा मागितला की इम्युलेटर लगेच तुमच्या डिस्कवरून तो वाचायला घेतो, पण गेमच्या हातात देतो तो मूळ ड्राइव्हने दिला असता त्या क्षणी. या मधल्या वेळात हार्ड डिस्कचे 14 मिलिसेकंद बिनबोभाट लपून जातात. तो क्षण आला आणि डेटा अजून हातात नसेल, तर मात्र इम्युलेटरला ‘जरा थांब’ म्हणायची सोय नसते. गेमच्या लेखी डेटा आलेला असायलाच हवा. म्हणून सगळा कन्सोलच गोठवून डिस्कची वाट पाहिली जाते.

एवढं लक्षात आलं की पुढचं सोपं आहे. निरोगी आणि मोकळी हार्ड डिस्क जुन्या कन्सोलसाठी सहसा पुरते. ती त्रास देते ती झोपली असेल तेव्हा, दुसऱ्याच कामात गुंतली असेल तेव्हा, किंवा इम्युलेटर डिस्क इमेजखेरीज (गेमच्या डिस्कची फाइलरूपातली प्रत) इतर फाइली, म्हणजे शेडर कॅश (ग्राफिक्स कार्डसाठी तयार करून ठेवलेले छोटे प्रोग्राम), टेक्स्चर पॅक (गेममधल्या पृष्ठभागांची नवी चित्रं), सेव्ह स्टेट (त्या क्षणाच्या अख्ख्या गेमची नोंद), वाचत-लिहीत असेल तेव्हा. या फाइलींना मूळ ड्राइव्हच्या मंदपणाची उशी मिळत नाही.

पायरी 1: दोषी कोण ते ठरवा

सर्वात आधी कन्सोल कोणता ते पाहा. कार्ट्रिजवाले गेम, म्हणजे सुपर निन्टेंडो, गेम बॉय ॲडव्हान्स, निन्टेंडो 64 यांचे, इतके छोटे असतात की सुरू होतानाच पूर्ण रॅममध्ये येतात. निन्टेंडो 64 चा मोठ्यात मोठा गेम 64 एमबीचा आहे. खेळताना डिस्कशी त्यांचा संबंध उरतो तो फक्त सेव्ह करताना. असा गेम अडखळत असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि प्रोसेसर, व्ही-सिंक (फ्रेम्सचा मॉनिटरशी मेळ), ऑडिओ यांकडे वळा.

डिस्कवाल्या गेममध्ये सर्वाधिक गोंधळ होतो तो शेडर तयार होतानाच्या झटक्याशी. दोन्ही झटके नव्या ठिकाणी गेल्यावर येतात, आणि दोन्ही दुसऱ्या खेपेला गायब होतात. शेडर एकदा तयार झाला की पुन्हा करावा लागत नाही. फाइलचा भागही एकदा वाचला की ऑपरेटिंग सिस्टिम तो रिकाम्या रॅममध्ये धरून ठेवते. मग फरक कळणार कसा? संगणक रीस्टार्ट करून.

झटका येतो त्या जागेच्या थोडं अलीकडे सेव्ह स्टेट घ्या. दाराला चिकटून घेऊ नका, कारण पुष्कळ गेम जवळ येताच पुढचा भाग वाचायला लागतात आणि मग तो भाग स्टेटमध्येच येतो. तिथून पुढे जा, झटका नोंदवा. तीच स्टेट उघडून पुन्हा जा; झटका गेलेला असेल. आता संगणक रीस्टार्ट करा. शट डाउन नको, कारण विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप चालू असलं की शट डाउन अर्धवटच होतं. सुरू झाल्यावर पुन्हा तीच स्टेट, तीच वाट. झटका परत आला तर डिस्क, कारण रॅममधली प्रत पुसली गेली. नाही आला तर शेडर, कारण तयार शेडर डिस्कवर जपून ठेवलेले असतात. रीस्टार्टचा कंटाळा असेल तर मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्समधला रॅममॅप हा मोफत प्रोग्राम वापरा. त्यातल्या एम्प्टी मेन्यूतलं ‘एम्प्टी स्टँडबाय लिस्ट’ दाबलं की रॅममध्ये धरलेल्या फाइली निघून जातात.

शेडर दोषी निघाले तर डॉल्फिन (गेमक्यूब आणि वीचा इम्युलेटर) मध्ये हायब्रिड उबरशेडर्स, आरपीसीएस3 (प्लेस्टेशन 3 चा) मध्ये असिंक्रोनस शेडर मोड, सीमू (वी यूचा) मध्ये असिंक्रोनस शेडर कंपाइल हे पर्याय आहेत. तो वेगळा विषय, इथे थांबतो.

डिस्कवर संशय पक्का झाला की विंडोजचा रिसोर्स मॉनिटर उघडा आणि डिस्क टॅबवर जा. तिथल्या ‘डिस्क ॲक्टिव्हिटी’ यादीत प्रत्येक फाइलसमोर रिस्पॉन्स टाइम मिलिसेकंदांत दिसतो. गेम विंडोमध्ये चालवा, झटका आला की लगेच तिकडे नजर टाका. 10 ते 20 दिसलं तर डिस्क आपल्या परीने नीट काम करतेय. 50 ते 200 म्हणजे रांग लागली आहे, दुसरं कोणीतरी डिस्क अडवून बसलंय. यादीत त्याचं नावही तिथेच सापडतं. आकडा काही हजारांत गेला तर डिस्क झोपेतून उठत होती, नाहीतर आजारी आहे. लिनक्सवर हेच काम आयओस्टॅट आणि आयओटॉप या कमांड करतात.

टास्क मॅनेजरमधली डिस्कची टक्केवारी मात्र फारशी मनावर घेऊ नका. सुट्या-सुट्या वाचनात सेकंदाला एक एमबी वाचतानाही ती 100 टक्के दाखवते, आणि झोपलेली डिस्क उठत असताना ती काय दाखवेल याचा नेम नाही.

पायरी 2: डिस्कची झोप मोडा

सगळ्यात जास्त वेळा हेच कारण निघतं, म्हणून सुरुवात इथून.

प्लेस्टेशन 2 मध्ये मुख्य मेमरी 32 एमबी, गेमक्यूबमध्ये 24. गेम एका खोलीचा किंवा एका टप्प्याचा डेटा त्यात भरून घेतो आणि मग कितीतरी वेळ डिस्कला हातही लावत नाही. तुम्ही कोड्यात अडकलात, मेन्यूत शस्त्रं लावत बसलात, की तेवढ्यात डिस्क निवांत फिरायची थांबते. मग दार उघडता. तबकड्या शून्यापासून पूर्ण वेगाला यायला कितीतरी सेकंद लागतात आणि तेवढा वेळ गेम थिजतो. विंडोज ज्या डिस्कवर आहे ती सहसा झोपत नाही, सिस्टिम तिला सतत टोचत असते. झोपते ती दुसरी, फक्त गेम ठेवलेली. म्हणूनच ‘सिस्टिम एसएसडीवर, गेम हार्ड डिस्कवर’ अशा चांगल्या संगणकांवर हा त्रास उठून दिसतो. बराच वेळ शांतता, मग पहिल्याच वाचनाला एक लांब गोठणं, त्यानंतर सगळं सुरळीत आणि कॅबिनेटमधून तबकड्या वेग घेतानाचा चढत जाणारा आवाज: एवढं जुळलं तर चाचण्यांचीही गरज नाही.

विंडोजमध्ये कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, चालू प्लॅनसमोरचं चेंज प्लॅन सेटिंग्ज, त्यात चेंज ॲडव्हान्स्ड पॉवर सेटिंग्ज, अशा मार्गाने जा. हार्ड डिस्क या शीर्षकाखाली ‘टर्न ऑफ हार्ड डिस्क आफ्टर’ असतं. बॅलन्स्ड प्लॅनमध्ये विजेवर तो आकडा मुळात 20 मिनिटांचा असतो. तिथे 0 टाका, की तो ‘नेव्हर’ होतो. लॅपटॉपवर बॅटरी आणि वीज असे दोन आकडे असतात. मॅकवर हार्ड डिस्क शक्य तेव्हा झोपवण्याचा पर्याय सिस्टिम सेटिंग्जच्या ऊर्जेच्या भागात आहे, तो बंद करा. लिनक्सच्या ग्नोम डेस्कटॉपवर डिस्क्स या प्रोग्राममध्ये ड्राइव्ह सेटिंग्ज उघडलं की स्टँडबाय आणि एपीएम दोन्ही तिथेच मिळतात.

हे एपीएम म्हणजे डिस्कच्या स्वतःच्या डोक्यातली काटकसर. ऑपरेटिंग सिस्टिमने झोपू नको म्हटलं तरी काही डिस्क थोडे सेकंद काम नसलं की हेड बाजूला नेऊन ठेवतात. तबकडी फिरत राहते, पण पुढच्या वाचनाआधी हेड परत आणावं लागतं. झटका सेकंदांचा नसतो, अर्ध्या-पाऊण सेकंदाचा असतो, आणि सोबत बारीक ‘टक्’ ऐकू येतं. विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्रामच्या ॲडव्हान्स्ड फीचर मेन्यूत एपीएमचा आकडा बदलता येतो, लिनक्सवर एचडीपार्म या कमांडने. 254 म्हणजे सर्वाधिक तत्परता, 255 म्हणजे एपीएम पूर्ण बंद. काही डिस्क 255 स्वीकारत नाहीत, त्यांना 254 द्या. पुष्कळ डिस्क वीज गेली की हा आकडा विसरतात, म्हणून क्रिस्टलडिस्कइन्फो विंडोजसोबत सुरू होईल असं ठेवावं लागतं.

यूएसबीने जोडलेल्या डिस्कची गोष्ट वेगळी. तिच्या डब्यातल्या चिपला स्वतःचं घड्याळ असतं आणि ते विंडोजचं ऐकेलच असं नाही. डिस्क बनवणाऱ्या कंपनीच्या प्रोग्राममध्ये झोपेची वेळ बदलायची सोय असेल तर उत्तम. नसेल तर ठरावीक वेळाने डिस्कवर छोटी फाइल लिहिणारा एखादा मोफत ‘कीप अलाइव्ह’ प्रोग्राम लावा. फाइल लिहिणारा हवा, नुसती वाचणारा नको, कारण तीच फाइल पुन्हा वाचली तर ती रॅममधूनच मिळते आणि डिस्कला पत्ताही लागत नाही. पॉवर ऑप्शन्समधलं यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंडही बंद करा. डिस्क थेट संगणकाच्या यूएसबी 3 पोर्टला लावा. वीज न घेणाऱ्या हबवरून छोट्या डिस्कला पुरेसा करंट मिळत नाही, ती मधेच तुटून पुन्हा जोडली जाते, आणि मग गेम नुसता थिजत नाही, बंदच पडतो.

पायरी 3: गेमच रॅममध्ये घ्या

गेमची संपूर्ण इमेज सुरुवातीलाच रॅममध्ये ओढून घेतली की डिस्क झोपली काय, जागी काय! बहुतेक मोठ्या इम्युलेटरांत ही सोय आहे, फक्त ती मुळात बंद असते.

पीसीएसएक्स2 (प्लेस्टेशन 2 चा इम्युलेटर) मध्ये सेटिंग्जमधल्या इम्युलेशन पानावर ‘एनेबल सीडीव्हीडी प्रीकॅशिंग’ आहे. डकस्टेशन (प्लेस्टेशन 1 चा) मध्ये सीडी-रॉम इम्युलेशनच्या भागात ‘प्रीलोड इमेज टू रॅम’. पीपीएसएसपीपी (पीएसपीचा) च्या सिस्टिम सेटिंग्जमध्ये ‘कॅश फुल आयएसओ इन रॅम’. अनेक इम्युलेटर एकत्र चालवणाऱ्या रेट्रोआर्कमध्ये बीटल पीएसएक्स हा प्लेस्टेशन 1 चा कोअर वापरत असाल, तर कोअर ऑप्शन्समध्ये सीडी ॲक्सेस मेथड ‘प्री-कॅश’ करा आणि गेम पुन्हा सुरू करा. डॉल्फिनच्या नव्या आवृत्त्यांमध्येही पूर्ण गेम मेमरीत घेण्याचा पर्याय आला आहे. तुमच्याकडे तो दिसत नसेल तर आधी आवृत्ती अद्ययावत करा.

किंमत दोन प्रकारे मोजावी लागते. एक म्हणजे गेम सुरू व्हायला वेळ लागतो: 4.4 जीबीची इमेज सेकंदाला 100 एमबी वाचणाऱ्या डिस्कवरून यायला पाऊण मिनिट. दुसरी किंमत रॅमची, आणि इथे चूक झाली तर इलाज रोगापेक्षा भारी पडतो. प्लेस्टेशन 1 ची सीडी जास्तीत जास्त 700 एमबीच्या आसपास. गेमक्यूबची डिस्क 1.46 जीबी, पीएसपीची यूएमडी 1.8 जीबी. वी आणि प्लेस्टेशन 2 च्या एका थराच्या डिस्क 4.7 जीबीपर्यंत, दोन थरांच्या 8.5 पर्यंत. गेम बंद असताना टास्क मॅनेजरमध्ये ‘अव्हेलेबल’ मेमरी किती आहे ते पाहा. त्यातून इम्युलेटरसाठी 2 जीबी वजा करा. उरलेल्यात इमेज मावली तरच हा पर्याय चालू करा. 8 जीबी रॅमच्या संगणकावर पीएस1, पीएसपी, गेमक्यूब बिनधास्त; पीएस2 ची मोठी डिस्क नको. रॅम अपुरी पडली की विंडोज मेमरीतला माल पेजफाइलमध्ये, म्हणजे डिस्कवरच्या राखीव फाइलमध्ये, ढकलायला लागतं. ती पेजफाइलही हार्ड डिस्कवरच असेल तर आधी खोलीगणिक येणारे झटके आता पावलागणिक येतील.

रॅम बेताची असेल किंवा इम्युलेटरमध्ये हा पर्यायच नसेल, तर गेम सुरू करण्याआधी फाइल एकदा पूर्ण वाचून घ्या. डॉल्फिनमध्ये गेमवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा आणि व्हेरिफाय टॅब चालवा. यात इमेज शाबूत आहे की नाही हेही कळतं आणि वाचलेला डेटा रिकाम्या रॅममध्ये राहतो. इतर इम्युलेटरांसाठी कोणताही चेकसम (फाइल पूर्ण वाचून काढलेला तिचा ओळख-आकडा) काढणारा प्रोग्राम चालेल. ही मेमरी ‘उसनी’ असते. दुसऱ्या प्रोग्रामला गरज पडली की सिस्टिम ती निमूट परत घेते, पेजफाइलवर भार येत नाही.

पायरी 4: वेग वाढवणारे पर्याय बंद करा

हे वाचायला उलटं वाटेल. पीसीएसएक्स2 मधलं ‘फास्ट सीडीव्हीडी’, डकस्टेशनमधले ‘रीड स्पीडअप’ आणि ‘सीक स्पीडअप’ हे पर्याय मूळ ड्राइव्हचा मंदपणा काढून टाकतात. लोडिंग पटकन होतं खरं, पण ज्या उशीमागे हार्ड डिस्कचा उशीर लपत होता तीच काढून घेतली जाते. आता प्रत्येक वाचनाची वाट उघड्यावर पाहावी लागते. इमेज हार्ड डिस्कवरूनच वाचायची असेल तर हे सगळे मूळ स्थितीत ठेवा. डॉल्फिनमध्ये गेमच्या प्रॉपर्टीजमधलं ‘इम्युलेट डिस्क स्पीड’ चालू असू द्या. काही गेम तर या पर्यायांनी मुळातच बिघडतात. इमेज रॅममध्ये घेतली असेल तर मात्र ते वापरून पाहायला हरकत नाही.

डकस्टेशनमधलं पुढचे सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे डेटाचे छोटे कप्पे, आधीच वाचून ठेवणारं ‘असिंक रीडअहेड’ मात्र उपयोगाचं आहे, ते बंद करू नका.

पायरी 5: छोट्या फाइली एसएसडीवर, मोठ्या आहेत तिथेच

एसएसडी छोटी असेल तर लोक तिच्यावर गेम कोंबतात आणि इम्युलेटर हार्ड डिस्कवर ठेवतात. करायला हवं नेमकं याच्या उलट. एकाच मोठ्या फाइलमधून सलग वाचणं हे हार्ड डिस्कचं आवडीचं काम. हजारो बारीक फाइली उघडणं हे नावडतं. शेडर कॅश, सेव्ह स्टेट, मेमरी कार्ड, लॉग, गेमच्या यादीतली चित्रं हे सगळं इम्युलेटरच्या फोल्डरमध्ये किंवा त्याच्या युजर फोल्डरमध्ये असतं. ते एसएसडीवर न्या. सहसा काही जीबींतच काम भागतं.

डॉल्फिनचं युजर फोल्डर मुळात सिस्टिमच्या ड्राइव्हवर असतं, पण पोर्टेबल पद्धतीने वापरणाऱ्यांचं ते प्रोग्रामशेजारीच राहतं. आरपीसीएस3 विंडोजवर स्वतःच्याच फोल्डरमध्ये कॅश ठेवतो, त्यामुळे तो फोल्डर हार्ड डिस्कवर ठेवला की प्रत्येक गेम सुरू होताना हजारो शेडर फाइली तिथून गोळा कराव्या लागतात आणि ‘लोडिंग शेडर्स’ची पट्टी रेंगाळते.

पीसीएसएक्स2 मध्ये फोल्डर प्रकारचं मेमरी कार्ड वापरत असाल आणि सेव्ह करतानाच झटका बसत असेल, तर साधं 8 एमबीचं फाइल प्रकारचं कार्ड वापरून पाहा. एकाच फाइलमध्ये लिहिणं सुटसुटीत.

प्लेस्टेशन 3, एक्सबॉक्स 360, वी यू यांचं गणित मात्र निराळं. प्लेस्टेशन 3 ला स्वतःची हार्ड डिस्क होती आणि गेम तिच्यावर डेटा इन्स्टॉल करायचे, चालता चालता सतत वाचायचे. इथे मूळ ड्राइव्हच्या मंदपणाची उशी पातळ आहे, आणि दोन थरांची ब्ल्यू-रे 50 जीबीपर्यंत जाते, म्हणजे रॅमचा मार्गही बंद. सध्या खेळत असलेला एखादा गेम एसएसडीवर आणा, संपला की परत हार्ड डिस्कवर टाका. बाकीची सगळी खटपट इथे मलमपट्टीच ठरते.

पायरी 6: इमेजचा प्रकार आणि तिचे तुकडे

डिस्क इमेज झिप किंवा सेव्हन-झिपमध्ये ठेवू नका. त्यातलं मधलंच पान उघडता येत नाही, म्हणून पुष्कळदा आधी सगळी फाइल टेम्प फोल्डरमध्ये मोकळी केली जाते. त्याऐवजी गेमसाठीच बनवलेले प्रकार वापरा: गेमक्यूब आणि वीसाठी आरव्हीझेड, सीडी-डीव्हीडीसाठी सीएचडी. हे छोट्या-छोट्या ठोकळ्यांत दाबलेले असतात, त्यामुळे हवा तेवढाच ठोकळा वाचून उलगडता येतो. डॉल्फिनमध्ये गेमवर राइट क्लिक करून ‘कन्व्हर्ट फाइल’ निवडा, ठोकळ्याचा मूळ आकार 128 केआयबी असतो तोच राहू द्या. मोठे ठोकळे निवडले तर जागा थोडी वाचते, पण चार केबी हवे असतानाही मोठा तुकडा वाचून उलगडावा लागतो. कॉम्प्रेशनमुळे झटके वाढतात हा समज बऱ्याच ठिकाणी ऐकायला मिळतो. डिस्कपुरतं बोलायचं तर उलट फायदाच आहे: वाचायचे बाइट कमी, रॅममध्ये घ्यायची फाइलही लहान.

जवळजवळ भरलेल्या डिस्कवर कॉपी केलेली फाइल शेकडो तुकड्यांत विखुरते, आणि प्रत्येक तुकड्यासाठी हेड नव्याने धावतं. 15 ते 20 टक्के जागा मोकळी ठेवा. विंडोजच्या ‘डीफ्रॅगमेंट अँड ऑप्टिमाइझ ड्राइव्ज’मध्ये हार्ड डिस्क निवडून ऑप्टिमाइझ दाबा. 64 एमबीपेक्षा मोठे तुकडे हा प्रोग्राम जोडत बसत नाही आणि ते बरोबरच आहे, एवढ्या मोठ्या तुकड्याने काही अडत नाही. एकाच गेमचा प्रश्न असेल तर जागा मोकळी करा, फाइल दुसऱ्या ड्राइव्हवर कॉपी करा, मूळ पुसा आणि परत आणा. बहुतेक वेळा ती सलग बसते.

एसएमआर प्रकारच्या डिस्कवर, म्हणजे जिथे ट्रॅक कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात तिथे, शेकडो जीबींचा संग्रह टाकल्यावर लगेच खेळायला बसू नका. लिहिणं संपलं असं दिसलं तरी डिस्क आतल्या आत डेटा जागेवर लावत असते. काही तास ती चालू ठेवून मोकळी सोडा.

पायरी 7: डिस्कवरची गर्दी हटवा

हार्ड डिस्कला हेडचा संच एकच. गेमसोबत दुसरा कोणी तिच्यावर वाचत-लिहीत असेल तर हेड दोघांमध्ये येरझाऱ्या घालतं आणि दोघांचंही काम रखडतं. रिसोर्स मॉनिटरच्या यादीत सहसा हीच मंडळी दिसतात: टोरंट, गेम लाँचरांची अपडेट, क्लाउड सिंक, विंडोज सर्चचं इंडेक्सिंग, अँटीव्हायरसची तपासणी. गेमचं फोल्डर इंडेक्सिंगमधून वगळा. चार हजार डिस्क इमेजांमध्ये शब्द शोधून कोणाला काय मिळणार आहे? विंडोज सिक्युरिटीमध्ये तेच फोल्डर एक्सक्लूजनमध्ये टाका, पण फक्त डिस्क इमेजांचं. डाउनलोडचं फोल्डर किंवा इम्युलेटरचा प्रोग्राम वगळण्यात शहाणपण नाही.

खेळ रेकॉर्ड करत असाल तर व्हिडिओ दुसऱ्या डिस्कवर लिहा. इम्युलेटरमधलं सविस्तर लॉगिंग बंद करा. दर काही मिनिटांनी आपोआप सेव्ह स्टेट घेण्याचा पर्याय चालू असेल आणि झटके घड्याळ लावल्यासारखे ठरावीक अंतराने येत असतील, तर उत्तर समोरच आहे.

टेक्स्चर पॅक असतील तर

इथे हार्ड डिस्कचा खरा कस लागतो. पॅकमध्ये हजारो सुट्या फाइली असतात आणि कॅमेरा वळला की दहा-वीस एकदम लागतात. प्रत्येकी 14 मिलिसेकंद धरले तर वीस फाइलींना 280 मिलिसेकंद, म्हणजे सोळा-सतरा फ्रेम्स गेल्या. डॉल्फिनमध्ये ग्राफिक्सच्या ॲडव्हान्स्ड टॅबवर ‘प्रीफेच कस्टम टेक्स्चर्स’ आणि पीसीएसएक्स2 मध्ये टेक्स्चर रिप्लेसमेंटच्या भागात ‘प्रीकॅश टेक्स्चर्स’ हे सगळा पॅक सुरुवातीलाच रॅममध्ये घेतात. पीसीएसएक्स2 मधलं ‘असिंक्रोनस टेक्स्चर लोडिंग’ रॅम कमी असलेल्यांसाठी बरं: गेम थांबत नाही, फक्त नवं टेक्स्चर क्षणभर उशिरा दिसतं.

पॅक पीएनजीमध्ये आहे की डीडीएसमध्ये (चित्रांच्या फाइलींचे दोन प्रकार), हेही पाहा. 4096 बाय 4096 चं एक चित्र पीएनजीमधून उलगडलं की रॅममध्ये 64 एमबी खातं, आणि ते उलगडायला प्रोसेसरचा वेळ जातो तो वेगळाच. तेच बीसी7 प्रकारच्या डीडीएसमध्ये 16 एमबीत बसतं आणि थेट ग्राफिक्स कार्डकडे जातं. एकाच पॅकच्या दोन्ही आवृत्त्या मिळत असतील तर डीडीएसच घ्या. प्रीफेच करताना रॅम कमी पडली तर डॉल्फिन ते अर्ध्यावर सोडून तसा संदेश दाखवतो. तो संदेश आला की पॅक तुमच्या संगणकाला मोठा आहे असं समजा.

हे सगळं करूनही झटके थांबत नसतील

क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये डिस्कची स्मार्ट माहिती, म्हणजे डिस्कने ठेवलेली स्वतःच्या तब्येतीची नोंद, पाहा. क्रमांक 5 हे खराब होऊन बदललेले सेक्टर, 197 हे संशयित, वाचता न आलेले सेक्टर, आणि 198 हे सुधारता न आलेले. काही जागी क्रमांक हेक्साडेसिमल, म्हणजे सोळाच्या पायाच्या पद्धतीत असतात, तेव्हा 197 आणि 198 हे सी5 आणि सी6 असे दिसतात. 197 शून्याच्या वर असेल तर डिस्क खराब जागेवर पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करते, एकेका सेक्टरवर कितीतरी सेकंद घालवते. गेम नेहमी त्याच एका ठिकाणी थिजतो, रीस्टार्टनंतरही तिथेच, तर हेच कारण समजा. अशा डिस्कवर डीफ्रॅग अजिबात चालवू नका. आधी सेव्ह आणि मेमरी कार्डच्या फाइली दुसरीकडे घ्या, मग इमेजा, आणि ज्या इमेजेवर कॉपी अडकेल ती सोडून पुढे जा; गेमच्या मूळ डिस्कवरून ती पुन्हा काढता येते, सेव्ह मात्र येत नाहीत.

क्रमांक 199 वाढत असेल तर डिस्क बदलायची घाई नको. तो डेटा केबलवरच्या चुका मोजतो. साटाची केबल काढून घट्ट बसवा किंवा नवी लावा, संगणक चालू करा आणि आकडा लिहून ठेवा. तो मागे कधीच येत नाही, पण थांबला तर बिघाड केबलचाच होता.